बेसबॉल सव्हांट: नवा आउटफिल्डर जोखायचा तर इथे

मरिनर्स या बेसबॉल संघाचा नवा आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागातला क्षेत्ररक्षक) आला की सिअ‍ॅटलमध्ये घराघरात एकच चर्चा सुरू होते, आणि त्याला कारणही तसंच आहे. १९८९ मध्ये केन ग्रिफी ज्युनिअर इथेच उतरला, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. २००१ मध्ये जपानहून इचिरो सुझुकी आला आणि पहिल्याच हंगामात रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित) आणि एमव्हीपी (सर्वात मौल्यवान खेळाडू) हे दोन्ही मान घेऊन गेला. दोघेही आउटफिल्डर, दोघेही आज हॉल ऑफ फेममध्ये. एवढं बघितल्यावर इथला माणूस प्रत्येक नव्या पोराकडे त्याच आशेने बघणार. आमचा बॉथेल-रेडमंडकडच्या मराठी घरांचा गट आहे, त्यातही हेच. शनिवारी कुणाकडे तरी जमायचं, पोहे व्हायचे, आणि मग नवा पोरगा टिकणार की नाही यावर तावातावाने बोलायचं.

या वादात मी ज्याच्या भरवशावर बोलते ती साइट म्हणजे बेसबॉल सव्हांट. मेजर लीग बेसबॉलची स्वतःची साइट आहे, पूर्ण फुकट, खातं उघडा नि पासवर्ड ठेवा ही भानगड नाही. खेळाडूचं नाव टाकलं की त्याचं पान उघडतं. तो चेंडू किती जोरात मारतो, किती वेगाने पळतो, कुठला झेल घेतला आणि तो किती अवघड होता, सगळं समोर. मैदानात काय झालं हे पेपरातही मिळतं. का झालं हे इथे कळतं, म्हणून मला ही साइट मनापासून आवडते आणि म्हणूनच एवढं सविस्तर लिहितेय.

आकडे येतात कुठून, ते आधी सांगते. २०१५ पासून सगळ्या ३० मैदानांवर स्टॅटकास्ट नावाची यंत्रणा आहे. सुरुवातीला रडार आणि कॅमेरे असं मिश्रण होतं, २०२० पासून हॉक-आय आलं. हो, आपलं क्रिकेटमधलं एलबीडब्ल्यूवालं हॉक-आय. प्रत्येक मैदानावर बारा कॅमेरे लावलेत, आणि ते चेंडूबरोबर खेळाडूंच्याही मागावर असतात. चेंडू पिचरच्या हातून सुटल्यापासून ते आउटफिल्डरच्या हातमोज्यात विसावेपर्यंत प्रत्येकाची हालचाल टिपली जाते.

आता हूलिओ रॉड्रिगेझचं सांगते, कारण ही साइट काय कामाची आहे हे मला त्याच्यामुळे कळलं.

२०२२ चा एप्रिल. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या लोमा दे काब्रेराचा हा पोरगा, वय २१, डबल-ए या खालच्या पायरीच्या लीगमधून थेट मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर आलेला. मधली ट्रिपल-ए ची पायरी त्याने चढलीच नव्हती. संघाने त्याला पहिल्या दिवसापासून सेंटर फील्ड, म्हणजे आउटफिल्डमधली मधली जागा, देऊन टाकलं. आणि महिना संपला तेव्हा त्याच्या नावावर एकही होम रन (आपल्या षटकारासारखा फटका) नव्हता, फलंदाजीची सरासरी .२०० च्या जेमतेम वर, म्हणजे दहा खेळींत जेमतेम दोन हिट. आमच्या गटात तर सुतकच पसरलं. त्याआधीच्या वर्षी जॅरेड केलेनिकचं जे झालं होतं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ताजं होतं. केलेनिकबद्दलही असंच ऐकलं होतं, हाच उद्याचा तारा. २०१८ च्या अखेरीस रॉबिन्सन कानो आणि एडविन डियाझ यांना देऊन ज्या पोरांना घेतलं त्यांतलं ते सगळ्यात मोठं नाव. २०२१ मध्ये तो आला, मध्येच परत ट्रिपल-ए मध्ये धाडला गेला, आणि वर्षअखेर सरासरी होती .१८१. त्यामुळे हूलिओचा एप्रिल बघून आमच्यातला एक जण म्हणाला, "हा पण त्याच वाटेनं चाललाय. लिहून ठेवा."

त्याच दिवसांत माझे सासरे सोलापूरहून आमच्याकडे आले होते. बेसबॉल त्यांनी आयुष्यात कधी बघितलेलं नव्हतं, पण क्रिकेट असं बघितलंय की पंचाचा हात वर जायच्या आधी ते निकाल सांगतात. संध्याकाळी मी सव्हांटवर सामन्याचं पान उघडून बसले होते. तिथे प्रत्येक फलंदाजाच्या प्रत्येक खेळीतला प्रत्येक चेंडू एका चौकटीवर ठिपक्याने दाखवलेला असतो. चौकटीच्या आत असेल तर स्ट्राइक, बाहेर असेल तर बॉल. ठिपक्यावर आकडा, कितवा चेंडू तो. हूलिओ बॅट न हलवता बाद झाला होता, तिसरा स्ट्राइक अंपायरने दिलेला. मी बाबांना दाखवलं. ते चष्मा वर करून स्क्रीनजवळ आले, चौथ्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अगं, हा तर बाहेर आहे."

"हो बाबा."

"मग बाद कसा दिला?"

"अंपायरला स्ट्राइक वाटला."

"पोरगं नवीन आहे म्हणून," बाबा म्हणाले. "नव्या पोराला संशयाचा फायदा कोण देतो? आमच्याकडे क्लबच्या सामन्यांत हेच चालायचं."

मग मी मागचे सामने उघडत गेले आणि ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती. बाहेरच्या कडेला, चौकटीच्या पलीकडे पडलेले चेंडू, आणि त्यावर हूलिओ बाद. त्या महिन्यात ही गोष्ट सिअ‍ॅटलभर बोलली जात होती, पण ठिपका न् ठिपका डोळ्यांनी बघणं वेगळं. पोरगा वाईट चेंडूंच्या मागे धावत नव्हता. सोडायचे ते सोडत होता आणि त्याचीच शिक्षा भोगत होता. त्यात बॅटला चेंडू लागला की तो दणदणीत लागत होता. पुढच्या शनिवारी हे सगळं मी गटात मांडलं, आणि केलेनिकशी तुलना करणाऱ्याला फोनवर एकेक ठिपका दाखवला.

१ मे रोजी मायामीत त्याचा पहिला होम रन आला. गोलंदाजी टाकत होता सँडी अल्कांतारा, ज्याने त्याच वर्षी नॅशनल लीगचा साय यंग पुरस्कार (सर्वोत्तम पिचरचा) मिळवला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: २८ होम रन, २५ चोरलेले बेस (फटका न बसताच पळून गाठलेले), रुकी ऑफ द इयर. ऑगस्टमध्येच संघाने त्याच्याशी एवढा लांबलचक करार केला की सगळ्या अटी पूर्ण झाल्या तर तो ४७ कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकतो. आणि त्याच वर्षी मरिनर्सचा २१ वर्षांचा प्लेऑफचा दुष्काळ संपला.

तर प्रत्येक चेंडू डोळ्यांनी बघता येणं, या साइटच्या पहिल्या गुणाबद्दल एवढं पुरे. दुसरा गुण मला त्याहूनही महत्त्वाचा वाटतो, आणि आउटफिल्डरबद्दल बोलताना लोक नेमका तोच विसरतात: क्षेत्ररक्षण.

मी नाशिकची. लहानपणी दादाबरोबर गोल्फ क्लब मैदानावर रणजीचे सामने बघायला जायचे. सीमारेषेजवळ बसलं की एक गोष्ट दिसते जी टीव्हीवर कधीच दिसत नाही. फटका बसल्याबरोबर क्षेत्ररक्षकाचं पहिलं पाऊल कुठे पडतं? चांगल्याचं पाऊल चेंडू हवेत उठायच्या आत योग्य दिशेला पडलेलं असतं. टीव्हीचा कॅमेरा तेव्हा फलंदाजावर असतो. तो आउटफिल्डरकडे वळेपर्यंत तो पोरगा अर्ध्या वाटेवर आलेला असतो, आणि मग आपण म्हणतो वा, काय सूर मारला! सूर मारावा लागला कारण पहिलं पाऊल चुकलं, हे कळत नाही. खरा उत्तम आउटफिल्डर पुष्कळदा सूर मारतच नाही, तो आधीच तिथे उभा असतो.

सव्हांटवर हे पहिलं पाऊल मोजलेलं आहे. त्याला ते 'जंप' म्हणतात. पिचरच्या हातून चेंडू सुटल्यापासूनच्या तीन सेकंदांत आउटफिल्डर योग्य दिशेने किती फूट गेला, सरासरीपेक्षा किती जास्त किंवा कमी. त्याचेही तीन भाग पाडलेत. पहिल्या दीड सेकंदात काय केलं, म्हणजे चेंडू किती लवकर ओळखला. पुढच्या दीड सेकंदात किती वेग धरला. आणि गेलेली वाट सरळ होती की वाकडी. सोपे झेल यात धरतच नाहीत, अवघड तेवढेच मोजतात. एखाद्याचा पहिला आकडा कमी आणि दुसरा जास्त असेल तर ओळखायचं की पोराला नजर अजून बसायचीय पण पाय जबरदस्त आहेत. उलट असेल तर नजर आहे, पाय नाहीत. कोचला जे बघायला वर्षं लागतात ते तिथे तीन रकान्यांत मांडून ठेवलंय. माझा मुलगा लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये, सेंटर फील्डला खेळतो. त्याला मी हे तीन रकाने दाखवूनच समजावलं की आधी चेंडू ओळख, मग पळ.

झेलाची अवघडताही अशीच मोजतात. किती लांब पळायचं होतं, किती वेळ होता, पुढे की मागे, भिंत जवळ होती का. त्यावरून टक्केवारी काढतात की साधारण आउटफिल्डरने असा झेल किती वेळा घेतला असता. २५ टक्के किंवा त्याहून कमी शक्यता असेल तर तो पाच तारे असलेला झेल. नव्या पोराने एखादा पाच ताऱ्यांचा घेतला म्हणून हुरळून जायचं नसतं. तीन आणि चार ताऱ्यांचे तो सातत्याने घेतोय का, हे बघायचं.

पळण्याच्या वेगाचा आकडा तर सगळ्यात भरवशाचा. सेकंदाला किती फूट, तेही सर्वात वेगवान एका सेकंदातलं माप. मेजर लीगची सरासरी २७, आणि ३० च्या वर गेला की असामान्य. हा आकडा दोन आठवड्यांत कळतो. फलंदाजीची सरासरी खरी कळायला अख्खा हंगाम जातो, पण पोरगा पळतो किती हे लपत नाही. हूलिओ तिशीच्या आसपास पळत होता. सेंटर फील्डला हा टिकणार याबद्दल मला एप्रिलमध्येही शंका नव्हती ती त्याच्या या आकड्यामुळे.

आता जिथे साइट कमी पडते ते.

खेळाडूच्या पानावर सगळ्यात वर गोळ्यांची रांग असते, प्रत्येक गोळीत शंभरपैकी आकडा. गडद लाल म्हणजे उत्तम, निळा म्हणजे खराब. आपल्याला लाल शाई म्हणजे नापास अशीच सवय. बाबांनी हूलिओची लाल रांग बघून "अरेरे" म्हटलं होतं. सवय होते, पण पहिल्यांदा बघणाऱ्याला सांगणारं तिथे कुणी नाही. फोनवर तक्ते आडवे सरकवत बसावं लागतं, नाव एकीकडे राहतं नि आकडा दुसरीकडे. लॅपटॉप घ्या, हा माझा स्पष्ट सल्ला.

त्याहून मोठी अडचण 'अपेक्षित' आकड्यांची. फटक्याचा वेग आणि कोन घेऊन साइट सांगते की अशा फटक्याला एरवी काय मिळायला हवं होतं. कल्पना उत्तम आहे. पण त्यात हवामान नाही, मैदान नाही, आणि चेंडू कुठल्या दिशेला गेला हेही धरलेलं नाही. सिअ‍ॅटलच्या माणसाला हे फार जाणवतं. टी-मोबाइल पार्कमध्ये एप्रिलच्या रात्री समुद्राकडून गार, जड हवा येते आणि भिंतीवरून जायला निघालेला चेंडू आउटफिल्डरच्या हातात येऊन पडतो. फलंदाजांना सगळ्यात जड जाणारं मैदान म्हणून सव्हांटच्याच मैदानांच्या तक्त्यात आमचं नाव तळाला असतं. म्हणजे एका पानावर साइट सांगते की इथे धावा होत नाहीत, आणि दुसऱ्या पानावर इथल्याच फलंदाजाला 'अपेक्षित' जास्त दाखवते. आमच्या गटात "याचं नशीब खराब आहे" असं म्हणणारे नेमके याच आकड्याला भुलतात. दोन्ही पानं शेजारी ठेवूनच बोलायचं, हा नियम आम्ही आता पाळतो.

काही गोष्टी मात्र कुठल्याच कॅमेऱ्याला दिसणार नाहीत. मरिनर्सचाच काइल लुइस आठवतो? २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आला आणि पहिल्या दहा सामन्यांत सहा होम रन. २०२० मध्ये रुकी ऑफ द इयर, एकमताने. सेंटर फील्डला भिंतीवर चढून होम रन हिसकावून घेतलेला त्याचा झेल मी कितीदा तरी बघितलाय. पण त्याचा गुडघा २०१६ मध्येच, एव्हरेटला खालच्या पायरीच्या संघात खेळताना, वाईट रीतीने दुखावला होता. २०२१ मध्ये तोच गुडघा पुन्हा गेला आणि २०२२ संपता संपता तो ॲरिझोनाकडे गेला. फार वाईट वाटलं तेव्हा. इतका मनापासून खेळणारा पोरगा. लाल गोळ्यांची रांग त्या गुडघ्याबद्दल काहीही सांगू शकत नव्हती.

केलेनिकबाबत मात्र साइटने इशारा दिला होता. कुठल्या प्रकारच्या चेंडूवर फलंदाजाने किती मिळवलं किंवा गमावलं, हा तक्ता प्रत्येकाच्या पानावर असतो. वेगवान चेंडू तो मारत होता, वळणाऱ्या आणि हळू चेंडूंवर मात्र पार हरवत होता. मेजर लीगचे पिचर असं भोक दिसलं की रोज तिथेच टाकतात. नव्या पोराचं भवितव्य मला तरी याच तक्त्यात सगळ्यात आधी दिसतं: भोक आहे का, आणि दोन महिन्यांनी ते बुजलं का. हूलिओचंही सगळं बुजलेलं नाही. बाहेर जाणाऱ्या स्लायडरला (वळणाऱ्या चेंडूला) तो आजही भुलतो, आणि दरवर्षी त्याची सुरुवात संथच होते. पण २०२३ आणि २०२५, दोन्ही वर्षी त्याने ३० होम रन आणि ३० चोरलेले बेस ओलांडले किंवा गाठले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तर सलग चार सामन्यांत १७ हिट्स मारले, जो मेजर लीगचा विक्रम आहे.

आणि चौकटीबाहेरच्या त्या ठिपक्यांवरही आता इलाज आलाय. २०२६ पासून मेजर लीगमध्ये अंपायरच्या स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला आव्हान देता येतं. प्रत्येक संघाला दोन, बरोबर ठरलं तर शिल्लक राहतं. थोडक्यात डीआरएस. बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांनी लगेच २००८ च्या भारत-श्रीलंका मालिकेची आठवण काढली, जिथे डीआरएस पहिल्यांदा वापरून बघितलं होतं. "सुरुवातीला सगळे कुरकुरतात," म्हणाले, "मग त्याच्याशिवाय चालत नाही."

सध्या गटात वाद चाललाय मरिनर्सच्या तरुण आउटफिल्डर लाझारो मोंतेसवरून. क्यूबाचा, डावखुरा, अंगापिंडाने अवाढव्य. २०२५ मध्ये तो आधी एव्हरेटला आणि मग डबल-ए मध्ये आर्कान्साला खेळला. एव्हरेट आमच्यापासून जवळ, त्यामुळे आम्ही जाऊन बघितलाय. चेंडूला बॅट लागली की जो आवाज येतो त्यावर वाद नाहीच. वाद आहे तो आउटफिल्डमध्ये निभेल की फलंदाजीपुरता राहील यावर, आणि इथे सव्हांट आमची काहीच मदत करत नाही. ट्रिपल-ए चे आकडे साइटवर मिळतात, एव्हरेट किंवा आर्कान्साचे मिळत नाहीत. माझी साइटवाल्यांकडे एकच मागणी असेल तर ती ही, की खालच्या पायऱ्यांचेही आकडे लोकांसाठी खुले करा. नव्या पोरांबद्दलची सगळी उत्सुकता तर तिथेच असते.

तोवर डोळ्यांवरच भागवायचं. एव्हरेटला मी मुद्दाम उजव्या बाजूच्या कुंपणाजवळची जागा घ्यायचे आणि बॅटचा आवाज आला की मोंतेसच्या पायांकडे बघायचे. डाव्या खांद्यावरून मागे जाणाऱ्या चेंडूला तो वळायला वेळ घेतो, असं माझं मत. गटातले दोघे म्हणतात की वीस वर्षांच्या पोराला एवढं चालतं. तो टकोमाला, म्हणजे मरिनर्सच्या ट्रिपल-ए संघात पोचला की तिथल्या पानावर त्याचे पहिले आकडे येतील, आणि मी फटक्यांच्या आधी पळण्याचा वेग बघणार आहे.